तिसरे सत्कारमूर्ती

यशस्वी कसे व्हावे हे लोकांना सांगून मी पोट भरतो. सांगली-सातारा भागातल्या कॉलेजांत, पतसंस्थांच्या वार्षिक सभांत, झालंच तर कुणाच्या एकसष्टीत मला बोलावतात. फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला माझा फोटो असतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं, 'सुप्रसिद्ध व्याख्याते'. सुप्रसिद्ध असतात त्यांच्या फोटोखाली तसं लिहावं लागतं का, असं माझी बायको विचारते. ती साताऱ्याची आहे. साताऱ्याची माणसं एक वाक्य बोलतात आणि जेवायला वाढतात.

कुंडलला एकदा माझं व्याख्यान ऐन रंगात आलं असताना माइक बंद पडला. मी तसाच बोलत राहिलो. माइक सुरू झाल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ दचकून जागे झाले, म्हणजे तो बंद पडल्याचं फक्त मलाच कळलं होतं. पाटणला आभार मानणाऱ्या प्राध्यापकांनी चुकून मागच्या वर्षीच्या वक्त्याचे आभार मानले, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. तरीही यशाबद्दल बोलायला मला बोलावतात, कारण मी वेळेवर येतो.

अशा या माणसाला आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळालं ते धावण्याच्या शर्यतीत शेवटी आल्याबद्दल. बक्षीस होतं एक अंडं. आणि देणारे होते आमचे मुख्याध्यापक, फादर.

आमची शाळा सांगलीतली, कॅथलिक मिशनची, इंग्रजी माध्यमाची. डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, साखर कारखान्यातल्या साहेबांची मुलं तिथे जायची. आपलं पोरगं फाडफाड इंग्रजी बोलेल एवढ्या एका आशेवर आईबापांनी आम्हाला तिथे घातलेलं. फादरांचं इंग्रजी होतंही सुरेख. पण ते इंग्रजी ते रविवारच्या कपड्यांसारखं, कारणापुरतं बाहेर काढायचे. राग आला, आनंद झाला, भूक लागली, की त्यांच्या तोंडातून मराठी यायची. आणि ती मराठी ऐकून आमच्या आया कानांवर हात ठेवायच्या.

फादर मूळचे मंगळुराकडचे, समुद्रकाठचे. घरची भाषा कोकणी. पंचविशीत मिशननं त्यांना कवठे महांकाळच्या बाजूला एका वाडीवर पाठवलं. मराठीचा एक शब्द येत नव्हता. शिकवायला कुणी मास्तर नव्हता. होती ती मेंढरं आणि मेंढरांमागची धनगर मंडळी. फादर त्यांच्याबरोबर माळावर हिंडले आणि जी मराठी कानावर पडली ती अख्खीच्या अख्खी उचलून घेऊन आले. त्यामुळे पांढरा स्वच्छ झगा, सोनेरी काडीचा चष्मा, उंचीला कमी आणि रुंदीला भरपूर असा हा माणूस शाळेच्या फाटकात उभा राहून म्हणायचा, "काय रं गड्या, उशीर लय केलास? म्हस व्यालीवती का?"

एकदा एका डॉक्टरांच्या पत्नी इंग्रजीतून तक्रार घेऊन आल्या. त्यांचा मुलगा डबा खात नव्हता, शाळेनं लक्ष घालावं. फादरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आवं बाई, भूक लागली की खातंय. मेंढराला कोन सांगतंय व्हय, खा म्हनून?" त्या बाई पुढचं वर्षभर शाळेत फिरकल्या नाहीत. मुलगा मात्र डबा खायला लागला.

फादरांच्या झग्याच्या खिशात मक्याचे दाणे असायचे. शाळेच्या मागच्या आवारात त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. सकाळी प्रार्थना झाली की ते अख्ख्या शाळेला रोज एकच प्रश्न विचारायचे, "काय अडचन हाय का कुनाला?" कुणी म्हणालं, फादर, पेन हरवलं, तर पहिला तास पेन शोधण्यात जायचा. एका सकाळी दुसरीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "माझे आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत." आम्ही सगळे हसलो. फादर हसले नाहीत. त्या संध्याकाळी ते तिच्या घरी गेले, बैठकीत बसले आणि म्हणाले, "च्या द्या." चहा आला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साकर न्हाई ह्यात. कुनी टाकायचीवती?" आत त्यावरून बोलाचाली सुरू झाली. आई म्हणाली तुम्ही, बाबा म्हणाले तू. फादर बिनसाखरेचा चहा संपवून घरी गेले. ती मुलगी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत उठून म्हणाली, "फादर, आता ते खूप बोलतात." 

तर ते अंडं. क्रीडादिनाला पहिल्या तिघांना पदकं मिळायची आणि सर्वांत शेवटी येणाऱ्याला फादर आपल्या कोंबडीचं एक अंडं द्यायचे. त्यांचं म्हणणं असं होतं, "पयला आला त्येला टाळ्या हायतच. पर शेवटी आला त्येनं बी तेवढंच अंतर तोडलंय. आनि त्ये बी समदी हसत असताना." मी दुसरीत असताना शंभर मीटरमध्ये शेवटी आलो. माझ्या पुढचा मुलगा वाटेत पडला होता, उठला होता, आणि मग माझ्या पुढे गेला होता. फादरांनी मला स्टेजवर बोलावलं, माझ्या हातात अंडं ठेवलं आणि माइकवरून सांगितलं, "जपून ने रं. उकडून खा."

आम्ही जैन. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर थांबायचा. ते अंडं टाकून द्यावं तर ते बक्षीस, आणि घरी न्यावं तर ते अंडं. मी ते चड्डीच्या खिशात घातलं आणि रिक्षात बसलो. पुढच्या वळणावर रिक्षानं खड्डा घेतला आणि प्रश्न सुटला. घरी आईनं मला अंगणातच उभं केलं आणि डोक्यावर इतकं पाणी ओतलं, की मी शर्यत हरलोय हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वडील, म्हणजे आमचे अण्णा, हळदीची पेढी बंद ठेवून शाळेत गेले. अण्णांचा राग सगळ्या मार्केट यार्डाला ठाऊक होता. त्यांनी बोलायला तोंड उघडण्याआधीच फादर खुर्चीवरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "अण्णा, चुकलं माजं. माज्या ध्येनातच आलं न्हाई. काय करू सांगा."

असं एकदम समोरून आल्यावर अण्णांना राग कुठे ठेवावा कळेना. ते थोडा वेळ कोंबड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शेवग्याच्या शेंगा चालतील की."

तेव्हापासून शाळेत शेवटच्या क्रमांकाला दोन बक्षिसं झाली. अंडं किंवा शेंगांची जुडी, ज्याला जे चालेल ते. मला पुढची तीन वर्षं शेंगा मिळाल्या. आई त्यांची आमटी करायची आणि अण्णा जेवताना म्हणायचे, "पोरगं कमावतंय."

पुढे एका स्नेहसंमेलनाला शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. त्यांच्या मानासाठी फादरांनी स्वागत मराठीतून केलं. "सायेब, तुमी आलायसा, लय ग्वाड वाटलं. उनातानाचं आलाय, आदी वाईच पानी प्या, मंग बोला. आनि बोला बी वाईच. पोरं भुक्यावल्यात." आम्ही मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब खरोखरच वाईच बोलले आणि जेवण न घेता निघून गेले.

पालकांचं शिष्टमंडळ आलं. आम्ही इंग्रजी शाळेत मुलं घालायची आणि मुख्याध्यापकांनी असं बोलायचं, हे कसं चालेल? सोमवारी प्रार्थनेनंतर फादरांनी जाहीर केलं, "माजी मराठी खराब हाय असं पालकांचं म्हननं हाय. बरोबर हाय त्येंचं. चौथीचं पुस्तक मला वाचाय येतंय, पाचवीचं येत न्हाई. तवा उद्यापासनं मी पाचवीत बसनार."

आम्हा पाचवीतल्या मुलांना तो विनोद वाटला. मंगळवारी मराठीच्या तासाला ते खरंच वही घेऊन आले आणि शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. तिथे जागा होती, कारण मी फार बोलतो म्हणून माझ्याजवळ कुणी बसायला तयार नसायचं. ज्यांच्या शाळेत नोकरी करायची तेच मागच्या बाकावर बसलेले बघून मराठीच्या मिसचा खडू हातात मोडला. त्या दिवसापासून त्या सबंध वर्गाला अहोजाहो करायला लागल्या. फादरांना एकट्यांना अहो म्हणायचं आणि आम्हाला अरे, हे त्यांना वाक्याच्या मध्ये जमत नसे.

फादर बोट वर करून शंका विचारत. मिस घाबरतात असं दिसलं की हळूच मला विचारत, "ह्येचा अर्थ काय रं?" आणि मी सांगत असे. मला येत असो वा नसो, मी सांगत असे. 'दुर्मिळ' म्हणजे दूर मिळणारं, असं मी त्यांना ठासून सांगितलं आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आज मी जो धंदा करतो त्याचा पाया तिथे घातला गेला. माझे पहिले श्रोते फादर होते, आणि माझं ऐकून आयुष्यात नुकसान झालेले पहिलेही तेच.

सहामाहीला ते आमच्याबरोबर पेपरला बसले. निबंध होता, 'मी पक्षी झालो तर'. आम्ही पानं भरून आकाशात उडालो. फादरांनी लिहिलं, 'मी पक्षी झालो तर शाळेची घंटा कोण देणार? म्हणून मी होणार नाही.' मिसनी त्यांना नापास केलं आणि दुसऱ्या दिवशी भीतीनं रजा टाकली. फादरांनी प्रार्थनेत सगळ्या शाळेसमोर सांगितलं, "मिसनी मला नापास केलंय. लय इमानदार बाई हाय. टाळ्या वाजवा."

प्रगतिपुस्तकावर मुख्याध्यापकांची सही लागायची, ती त्यांनी स्वतःच केली. पण पालकाच्या सहीची जागा मोकळी होती. त्या संध्याकाळी मी पेढीवर बसलो होतो. हळदीच्या पोत्यांमधून वाट काढत फादर आत आले आणि अण्णांसमोर प्रगतिपुस्तक ठेवलं.

"अण्णा, सही पायजे हुती."

अण्णांनी पुस्तक न बघताच माझ्याकडे बघितलं. "काय केलंस रे?"

"ह्येचं न्हवं. माजं हाय," फादर म्हणाले. "मराठीत गेलोय."

अण्णांनी चष्मा लावला, लाल शाईची ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "फादर, तुमचे आईवडील?"

"न्हाईत आता. आनि असतं तरी त्यास्नी ह्ये वाचाय आलं नसतं."

"पण मी कसा पालक?"

"मी ह्येच्या शेजारी बसतोय. जे जे चुकलंय त्ये समदं ह्येनं सांगितल्यालं हाय. मंग जबाबदारी कुनाची?"

ही बाजू व्यापाऱ्याला पटण्यासारखी होती. अण्णांनी एक सही त्यांच्या प्रगतिपुस्तकावर केली आणि एक माझ्या पाठीवर. मग प्रगतिपुस्तक परत देताना ते, वयानं आपल्याएवढ्याच असलेल्या त्या माणसाला म्हणाले, "आता अभ्यास करा."

"व्हय अण्णा," असं म्हणून फादर मान खाली घालून निघून गेले.

त्यानंतर ते पेढीवरून गेले की अण्णा आतून ओरडून विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" आणि फादर रस्त्यावरून ओरडायचे, "रेटतोय!" वार्षिक परीक्षेच्या आतच मिशननं त्यांना परत कवठ्याकडे धाडलं. त्यांची परीक्षा राहिली ती राहिलीच. खूप वर्षांनी अण्णा गेले तेव्हा ते एस.टी.नं आले. आमच्यात तेव्हा रडारड चाललेली. ते माझ्या भावाजवळ बसले आणि एवढंच म्हणाले, "माजं पालक गेलं रं."

आता अलीकडची गोष्ट.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळानं ठरवलं की यंदापासून नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा. अध्यक्ष आमच्याच वर्गातले, दातांचे डॉक्टर. पहिलं नाव एकमतानं ठरलं, पुण्यातले हृदयाचे मोठे सर्जन. दुसरं मंत्रालयातल्या एका अधिकारी बाईंचं. तिसऱ्या नावावर घोडं अडलं. स्वतःचं नाव स्वतः सुचवणं शोभत नाही म्हणून मी अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, "सुचवतो की." बैठकीत ते विसरले. मी दोनदा खोकलो. त्यांनी मला पाणी दिलं.

शेवटी असं ठरलं की सत्कार फादरांच्या हस्ते करायचे आणि तिसरं नाव त्यांनाच विचारायचं. त्यांना निमंत्रण द्यायला माझी गाडी मोकळी होती. गाडीबरोबर मीही मोकळा होतोच.

कवठ्याच्या पुढे, वाडीबाहेर एक छोटं चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीसमोर, लिंबाखाली बाजेवर फादर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेले, गुडघे धरलेले, पण रुंदी शाबूत. दोन शेळ्या त्यांच्या पायाशी बसल्या होत्या.

"कोन रं?"

"फादर, मी. पाचवीत तुमच्या बाकावर..."

"अंडं!" फादर ओरडले. शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "ये की, बस. काय करतोस आता?"

"व्याख्यानं देतो, फादर."

"कशावर?"

"यशावर. यश कसं मिळवायचं, यावर."

फादरांनी चष्मा वर करून मला नीट बघितलं. त्यात कुचेष्टा नव्हती, शंभर टक्के उत्सुकता होती. "तुला कवा गावलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याच व्याख्यानात नसल्यानं मी कार्यक्रमाचं बोलायला लागलो. सत्कार, शाल, सर्जन, अधिकारी बाई. तिसऱ्या नावाचं निघाल्यावर त्यांनी एक शेळी जवळ ओढली. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"नाव हाय माज्याकडं," मग म्हणाले. "पर त्ये मी तितंच सांगनार. आदी न्हाई."

"आमच्या ओळखीतलंच कुणी आहे का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तू चांगला वळकतोस त्येला." आणि मी निघताना मागून हाक मारून म्हणाले, "शाल वाईच मोठी आना. आंगानं भरलाय त्यो."

मी माझ्या पोटाकडे बघितलं आणि परतीच्या सबंध वाटेवर गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. खोलीत एक भरलेली ट्रंक, वर दोरी बांधलेली, मी येताना पाहिली होती. ती कशासाठी बांधली हे विचारायचं मला सुचलं नाही. मला कुडता सुचत होता.

कुडता शिवायला टाकला. साताऱ्याहून मेहुणे-मेहुणीला बोलावून घेतलं. नम्र चेहरा कसा दिसतो ते आरशात बघितलं. मुळात नव्हता, पण दोन दिवसांत बराच जमला. बायको म्हणाली, "तुमचं नाव नसलं तर?"

"नसेल कसं? ते म्हणाले, तू चांगला ओळखतोस."

"तुम्ही स्वतःला चांगले ओळखता हे कुणी सांगितलं त्यांना?" ती म्हणाली आणि जेवायला वाढलं.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, सकाळचा. हॉल भरलेला. मी मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसलो. उठून जाताना कुणाचे पाय तुडवायला नकोत म्हणून. फादरांना दोघांनी धरून स्टेजवर आणलं. मानपत्र वाचायला दिलं ते त्यांनी घडी करून खिशात टाकलं.

सर्जन पुढे आले. फादर म्हणाले, "ह्यो बेडूक चिरताना चक्कर यिऊन पडलावता. म्याच पानी मारलंवतं. आता मानसाचं काळीज हातात घेतोय. कसं काय जमीवलं कुनास ठावं." हॉल हसला, सर्जन सगळ्यांत जास्त हसले आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडले. अधिकारी बाई आल्या. "ही रोज उशिरा यायची. म्या हिला दाराभाईर हुबी करायचो. आता हिच्या दाराभाईर लोकं हुबी असत्यात. पोरी, लय वेळ हुबी करू नगं त्यास्नी." बाई लाजून "नाही फादर" म्हणाल्या. असा होकार त्यांच्याकडून मंत्रालयात कुणाला मिळाला नसेल.

मग फादर माइकवर तसेच थांबले. मी कुडता सारखा केला.

"आता तिसरा," ते म्हणाले. "ह्यो काय लय हुशार न्हवता. पाचवीत शेवटच्या बाकावर बसायचा."

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी नम्र चेहरा बाहेर काढला.

"ह्येची मराठी कच्ची. दुर्मिळ म्हंजे दूर मिळनारं, असं लिवलंवतं ह्येनं."

मी पाय खुर्चीखाली घेतले. एक हात टेकवला.

"ह्येच्या प्रगतिपुस्तकावर हळदीच्या पेढीवरल्या अण्णांची सही हाय."

मी उठून उभा राहिलो.

"पर ह्यो वार्षिकला बसलाच न्हाई. तवा साळंनं ह्येला वर चढीवला न्हाई. त्यो अजून पाचवीतच हाय." फादरांनी चष्मा काढून झग्याला पुसला. "त्यो मीच."

सबंध हॉलमध्ये उभा असलेला मी एकटा होतो. बसावं तर सगळ्यांना कळणार का उठला होता, आणि उभं राहावं तर कशासाठी? फादरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"मी आता चाललोय," ते म्हणाले. "आमच्या लोकांनी बलीवलंय. तकडं समुद्रापाशी म्हाताऱ्या फादर लोकांचं घर हाय. तकडं जन्मलो म्हनून तकडचा, असं त्येंचं म्हननं. पर मला तितलं आता कायबी ठावं न्हाई. मासं बी सोसत न्हाईत. तितं इचारत्याल, तुमी कुटलं? तवा मला सांगायचंय, मी ह्या साळंचा हाय. पर मी सांगून काय उपेग? आदी तुमी म्हनाय पायजे. म्हनून म्हटलं, जाताना वाईच इचारून बगावं, घेताय का मला तुमच्यात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवाव्यात असं ते नव्हतंच. पहिल्या रांगेत आमच्या मराठीच्या मिस बसल्या होत्या, आता अगदी पिकलेल्या. त्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. आणि मी अजून उभाच होतो. मग माझे पाय चालायला लागले. ते मी चालवले असं मला म्हणता येत नाही. मी स्टेजच्या पायऱ्या चढलो. अध्यक्षांना वाटलं हे आधीच ठरलेलं आहे. त्यांनी ती मोठी शाल माझ्या हातात दिली.

मी ती फादरांच्या खांद्यांवर घातली. ती नेमकी पुरली. तेव्हा कुठे हॉल उठला, आणि सर्जन, बाई, शाळेतल्या सिस्टर, सगळेच स्टेजकडे यायला लागले. त्या गलक्यात फादरांनी माझा कान आपल्या तोंडाजवळ ओढला.

"तुला वाटलंवतं व्हय, तुजं नाव?"

"नाही, फादर."

"खोटं बोलतोस. पर उटलास मातर येळंवर."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात शाल आहे, फादर आहेत आणि शाल घालणारे दोन हात आहेत. बाकीचा मी कातरला गेलो. बायको म्हणाली, कुडत्याच्या बाह्या छान आल्यात.

त्यांना मिरजेला गाडीत बसवून द्यायला आम्ही दोघं गेलो. प्लॅटफॉर्मवर ते माझ्या खांद्याला धरून चालत होते. गप्प राहणं मला जमत नाही. मी म्हणालो, "फादर, असं म्हणतात की प्रत्येक निरोप ही एका नव्या..."

"गप रं," ते म्हणाले. रागावून नव्हे. आम्ही गप्प चाललो. तेवढी शांत पाच मिनिटं मी कुठल्याच माणसाबरोबर घालवलेली नाहीत.

डब्यात त्यांच्या समोर एक म्हातारी बसली होती, जतकडची असावी, मांडीवर गाठोडं. मी सामान लावलं, बायकोनं डबा दिला, आम्ही खाली उतरून खिडकीशी उभे राहिलो. म्हातारीनं त्यांचा झगा खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"कुटलं म्हनायचं बाबा तुमी?"

"कवठ्याकडला," फादर म्हणाले. "पर शिकायला सांगलीत हुतो."

"आन आता कुटं निगालाय?"

गाडीनं हिसका दिला. फादरांनी खिडकीच्या गजाला धरलं.

"पावन्याकडं," ते म्हणाले. "बगू, किती दिस ठिवून घेत्यात."